अमळनेरचं विंडोज ९८ मशीन : पेनड्राइव्हला अखेर 'ई' अक्षर मिळालं

नानांच्या बंद छापखान्यातलं विंडोज ९८ चं जुनं मशीन पेनड्राइव्ह घेतच नव्हतं, आणि त्यातल्या फायली बाहेर काढायच्या होत्या. अखेर त्यावर पेनड्राइव्ह उघडला. घोळ एकाच ठिकाणी नव्हता. एकाखाली एक असे तीन होते, आणि खालचा निस्तरल्याशिवाय वरचा कळतच नव्हता. त्याच काळातली मशीनं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या कामी येईल म्हणून जरा पाल्हाळ लावून लिहितोय.

आधी मशीन. पेंटियम ३, इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, १२८ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन, मागे यूएसबी १.१ चे दोन पोर्ट. सगळं असेंबल केलेलं, कॅबिनेटवर कुणाचंच नाव नाही. (विप्रो १९४५ मध्ये याच अमळनेरात वनस्पती तुपाच्या धंद्यातून उभी राहिली. तेव्हा इथल्या एखाद्या जुन्या डब्यावर तिचा बिल्ला मिळेल अशी माझी आपली भाबडी आशा.) छापखाना नानांचा, आता बंद. डिस्कवर गावभरच्या लग्नपत्रिका, गंधमुक्तीच्या पत्रिका, कानबाईच्या गाण्यांच्या पुस्तिका आणि दोन-तीन अहिराणी कवितासंग्रह आहेत, सगळे पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेले.

'डिस्क काढ आणि लॅपटॉपला लाव' असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, ते पहिल्यांदाच केलंय. आयडीई-यूएसबी अॅडॉप्टर लावून लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत घेतली, दोन ठिकाणी ठेवली. पण त्या फायलींचे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांच्या आधीचे. नव्या मशीनवर फाइल उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, टक्के आणि डॉलरची रांग दिसते. फॉन्टचं पॅकेज चालायला पॅरलल पोर्टवर डाँगल (परवान्याची किल्ली म्हणून लावायचा ठोकळा) लागतो, आणि तो डाँगल याच मशीनच्या मागे स्क्रूने आवळलेला आहे. म्हणून ठरवलं, फाइल याच मशीनवर पेजमेकरात उघडायची, पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पानाचं वर्णन सांगायची भाषा) प्रिंटर निवडून 'प्रिंट टू फाइल' करायचं, फॉन्ट त्यातच भरायचे आणि तयार झालेली पीएस फाइल लॅपटॉपवर नेऊन घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पीडीएफ करायची. फोटो असलेल्या पुस्तिकेची पीएस फाइल १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावत नाही. त्यामुळे पेनड्राइव्हला पर्याय नव्हता.

पहिला घोळ विजेचा. नाना आधीपासून एकच गोष्ट सांगत होते, "लाइट गयी का यूएसबी बी जास, भाऊ." मशीन दुरुस्तीला येणारी पोरं त्यावर हसायची. नानांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला. मल्टिमीटर लावला तर तीन व्होल्टच्या जागी दोनसुद्धा भरेनात. एटीएक्स मशीन बंद असलं तरी प्लग चालू असेपर्यंत स्टँडबायचे पाच व्होल्ट बोर्डाला मिळत राहतात, त्यावर बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंग टिकून राहतात. भारनियमनात लाइट गेली, सेलमध्ये दम नाही, की बायोस सगळं विसरून मूळ पदावर. आणि या बोर्डाच्या मूळ पदात 'असाइन आयआरक्यू फॉर यूएसबी' हा पर्याय 'डिसेबल्ड' आहे. तो 'पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन'च्या पानात असतो. आयआरक्यू म्हणजे एखाद्या भागाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन. त्या काळात त्यांची चणचण असायची आणि यूएसबीला लावायला फारसं काही नसायचं, म्हणून तसं ठेवलेलं असावं. आयआरक्यू नाही म्हटल्यावर विंडोजमध्ये यूएसबी कंट्रोलरवर (पोर्ट चालवणाऱ्या चिपवर) पिवळं उद्गारचिन्ह, आणि मग कुठलाही ड्रायव्हर (वस्तू चालवणारा छोटा प्रोग्राम) घाला, उपयोग शून्य. नवा सेल टाकला, पर्याय 'एनेबल्ड' केला, तारीख नीट केली. नंतर मुद्दाम प्लग काढून रात्रभर ठेवलं. सकाळी सेटिंग जागेवर.

इथे एक सोपी चाचणी सांगतो. पेनड्राइव्हच्या नादी लागण्याआधी साधा यूएसबी माउस लावा. विंडोज ९८ मध्ये माउस-कीबोर्डचे ड्रायव्हर मुळातच आहेत. माउसचा लाल दिवा लागला तर पोर्टला पाच व्होल्ट मिळतात एवढंच कळतं. पण बाण हलला की कंट्रोलर, रूट हब आणि आयआरक्यू तिन्ही ठीक आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या वस्तूंच्या यादीत, 'इंटेल ८२३७१एबी/ईबी पीसीआय टू यूएसबी युनिव्हर्सल होस्ट कंट्रोलर' आणि त्याच्याखाली 'यूएसबी रूट हब' स्वच्छ दिसले, तेव्हाच पुढे गेलो. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांची वायर मात्र मी काढूनच ठेवलीय. त्या काळच्या बोर्डांवर ही वायर जोडायच्या हेडरच्या पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा, आणि या बोर्डाचं मॅन्युअल नाही. लाल वायर चुकीच्या पिनवर बसली तर पेनड्राइव्ह जाईलच, नशीब फुटकं असेल तर बोर्डही.

दुसरा घोळ खरा छळणारा. विंडोज ९८ सेकंड एडिशन १९९९ चं. त्यात यूएसबी आहे, पण पेनड्राइव्हसारख्या साठवणीच्या वस्तूंसाठी सर्वसाधारण ड्रायव्हर नाही. तो सोबत मिळायला लागला विंडोज २००० आणि विंडोज एमईपासून. विंडोज ९८ साठी मात्र प्रत्येक पेनड्राइव्हसोबत ज्याची त्याची सीडी यायची. नानांकडे गिऱ्हाइकं आपापला पेनड्राइव्ह आणि आपापली सीडी घेऊन येत, आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर या मशीनमध्ये मुक्कामाला राहिला. लग्नघरी पाहुणे निघून जावेत आणि त्यांच्या पिशव्या खुंटीवर राहाव्यात, तसं.

त्या पिशव्या दिसतात दोन ठिकाणी. एक, सेफ मोडमधला (विंडोज कमीत कमी ड्रायव्हरांवर सुरू होतं तो मोड) डिव्हाइस मॅनेजर. नेहमीच्या मोडमध्ये न दिसणाऱ्या जुन्या नोंदी तिथे उघड्या पडतात. इथे 'यूएसबी डिस्क'च्या वेगवेगळ्या नावांच्या नोंदींची ही गर्दी, शिवाय 'अननोन डिव्हाइस'. दोन, विंडोज फोल्डरातल्या 'आयएनएफ'मधलं 'अदर' हे फोल्डर. बाहेरून घातलेल्या ड्रायव्हरांच्या आयएनएफ फायली, म्हणजे कुठल्या वस्तूला कुठला ड्रायव्हर लावायचा हे सांगणाऱ्या फायली, तिथे असतात. त्या नोटपॅडमध्ये एकेक उघडून वाचल्या.

एका फाइलमध्ये चोर सापडला. आयएनएफमध्ये साधारणपणे विशिष्ट वस्तूचा व्हीआयडी आणि पीआयडी लिहिलेला असतो, म्हणजे कंपनीचा क्रमांक आणि मालाचा क्रमांक. या पठ्ठ्याने मात्र 'क्लास ०८, सबक्लास ०६, प्रोटोकॉल ५०' असंही लिहून ठेवलं होतं. हे म्हणजे झाडून सगळ्या पेनड्राइव्हांचं वर्णन झालं. त्यामुळे कुणाचाही पेनड्राइव्ह लावला की हाच ड्रायव्हर पुढे यायचा, लावून घ्यायचा आणि मग वस्तू सुरू न करताच बसून राहायचा. तुमच्या वस्तूचे क्रमांक बघायचे तर विंडोज ९८ च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते दिसत नाहीत. रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत) 'लोकल मशीन'खाली 'एनम', त्यात 'यूएसबी', तिथे व्हीआयडी-पीआयडीच्या नावाने किल्ल्या (नोंदी) असतात आणि आत 'कम्पॅटिबल आयडीज'मध्ये क्लास. हे वाचल्याशिवाय ड्रायव्हरांच्या गठ्ठा-सीड्या मारत बसणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. त्या गठ्ठ्यानेच हे मशीन इथवर आणलं.

मग साफसफाई. 'अदर'मधल्या पेनड्राइव्हांच्या सगळ्या आयएनएफ दुसऱ्या फोल्डरात हलवल्या, पुसल्या नाहीत. आयएनएफ फोल्डरातल्या 'डीआरव्हीडेटा' आणि 'डीआरव्हीआयडीएक्स' या दोन बिन फायली उडवल्या. ती ड्रायव्हरांची सूची असते, विंडोज ती पुन्हा बनवून घेतं. सेफ मोडमध्ये यूएसबीखालच्या जुन्या नोंदी आणि अननोन डिव्हाइस काढले. मशीन पुन्हा चालू केलं, कंट्रोलर आपोआप बसू दिला. त्याने विंडोजची सीडी मागितली, पण सीडी ड्राइव्हचं भिंग थकलेलं, म्हणून 'विन९८' फोल्डर आधीच डिस्कवर उतरवून ठेवलं होतं. तिथला पत्ता दिला. यानंतरच एनयूएसबी ३.६ हे पॅकेज घातलं. ते विंडोज ९८ सेकंड एडिशनसाठी हौशी मंडळींनी जुळवलेलं आहे आणि सर्वसाधारण साठवणीचा ड्रायव्हर देतं. पुन्हा रीस्टार्ट. हे होईपर्यंत पेनड्राइव्ह पोर्टाच्या जवळपासही आणायचा नाही.

तिसरा घोळ किरकोळ. पेनड्राइव्ह ओळखला गेला, अक्षरही मिळालं, पण उघडेना. तो होता एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला, आणि विंडोज ९८ ला एनटीएफएस किंवा एक्सफॅट या फायली मांडायच्या नव्या पद्धती वाचता येत नाहीत. दोन जीबीचा जुना पेनड्राइव्ह लॅपटॉपवर फॅट१६ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करून आणला. लावला आणि 'माय कॉम्प्युटर'मध्ये 'ई'.

वेगाबद्दल फार आशा ठेवू नका. यूएसबी १.१ म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट, हाती पडतात सेकंदाला जेमतेम एक एमबी. पीएस फायलींना तेवढं पुरतं. दिवा लुकलुकायचा थांबल्यावरच काढायचा, एवढं नानांना सांगून ठेवलंय. पहिली पीडीएफ कानबाईच्या गाण्यांच्या पुस्तिकेची केली. रफार, जोडाक्षरं, कडेची वेलबुट्टी सगळं जिथल्या तिथे. पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, कारण आतला मजकूर अजून जुन्याच सांकेतिक अक्षरांत आहे. त्याचं रूपांतर हे वेगळं काम आहे, आत्ता हात घालत नाही.

यापुढे यूएसबी २.० चं पीसीआय कार्ड बसवायचंय. त्याचा ड्रायव्हर एनयूएसबीनंतर घालणार, आधी नाही. आणि स्लॉट मोकळा करायला साउंड कार्ड काढून ठेवणार. छापखान्याच्या मशीनवर गाणी कोण ऐकतंय.