आवाज आत घेताना, की बाहेर सोडताना?

डिचोलीच्या पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते आणि घरोघरी कोणी ना कोणी खोकत असते. त्यामुळे मला धाप लागू लागली तेव्हा तो दमाच असणार, हे डॉक्टरांनी, घरच्यांनी आणि मीही निमूटपणे मान्य केले. दोन वर्षे मी इनहेलर ओढले, स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, छातीचे दोन एक्स-रे काढले आणि दोन्ही स्वच्छ आले. पावसाळा सरला तरी धाप मात्र सरेना.

शेवटी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारले, "आवाज श्वास आत घेताना येतो, की बाहेर सोडताना?" हा प्रश्न तोवर मला कोणीच विचारला नव्हता. दम्याची शीळ मुख्यतः श्वास सोडताना ऐकू येते. माझा घरघराट आत घेतानाच अधिक होता. नळीत फुंकण्याच्या चाचणीचा आलेख वर (श्वास सोडताना) आणि खाली (आत घेताना), दोन्हीकडे सपाट आला, म्हणजे अडथळा मुख्य श्वासनलिकेतच होता. सीटी स्कॅनमध्ये तिथे गाठ दिसली आणि हवेला उरलेली वाट जेमतेम ६ मिलिमीटरची निघाली. ही वाट ८ मिलिमीटरच्या आत आली की श्रम करताना धाप लागते आणि ५ च्या आत गेली की बसल्या जागी, असे त्यांनी समजावले. शाळेचा जिना मला का चढवत नव्हता, ते तेव्हा उमगले. साध्या एक्स-रेत अशी गाठ सहज निसटते.

एवढ्या अरुंद वाटेत तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढताना रक्तस्राव झाला तर श्वासच कोंडण्याची भीती, म्हणून ते काम मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात, पूर्ण भूल देऊन ताठ दुर्बिणीने झाले. निदान आले: अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. श्वासनलिकेच्या अस्तरातील बारीक ग्रंथींतून उद्भवणाऱ्या या कर्करोगाचा तंबाखूशी संबंध आढळत नाही. तरीही भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा यजमानांच्या सिगारेटची चौकशी करून गेला, आणि त्यांनी जन्मात सिगारेट ओढलेली नाही.

शस्त्रक्रियेत श्वासनलिकेचा साडेतीन सेंटिमीटर भाग काढून दोन्ही टोके जोडली. जोडावर ताण पडू नये म्हणून हनुवटी छातीशी टाक्याने बांधलेली होती. ते सात दिवस मी माणसांना त्यांच्या चपलांवरूनच ओळखत होते. हा कर्करोग मज्जातंतूंच्या कडेने सरकतो, त्यामुळे कापलेल्या कडेवर काही पेशी उरल्याच, आणि आणखी कापले असते तर जोड टिकला नसता. मग सहा आठवडे किरणोपचाराचा शेक घेतला. घसा इतका सोलवटला की पेजसुद्धा गार करून गिळावी लागे.

दहा-दहा वर्षांनीही हा आजार फुप्फुसात उगवू शकतो, म्हणून तपासणी जन्मभराची आहे. दरवर्षी कोकणकन्येने दादरला उतरते, स्कॅन होतो, आणि डॉक्टर स्टेथोस्कोप आधी गळ्यावर टेकवून म्हणतात, "तोंड उघडा, श्वास आत घ्या."