डार्वेन: जावयाच्या पणजीचा माग

मँचेस्टर व्हिक्टोरियाहून बोल्टनमार्गे गाडीने डार्वेनला, इंग्लंडमधल्या या कापडगिरण्यांच्या गावाला, उतरलं की नजरेत भरते ती इंडिया मिलची चिमणी. १८६७ सालची, ३०३ फूट उंच, थाट इटालियन घंटामनोऱ्याचा. ब्लॅकबर्न-डार्वेनच्या मागांवरची धोतरं एकेकाळी आपल्याकडे खपायची.

जावयाची पणजी इथे गिरणीत होती, एवढंच घरात ठाऊक. गिरणीमालकांची तैलचित्रं असतात; कामगाराला शोधायचं तर सरकारने त्याला कधी मोजलं ते बघायचं. १८३७पासूनच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणि दर दहा वर्षांची जनगणना. कार्नेगींच्या देणगीतून १९०८ साली उभ्या राहिलेल्या वाचनालयात बसून आम्ही १९११चा फॉर्म उघडला.

हे फॉर्म घरच्यांनी स्वतः भरलेले, तसेच जपलेले. पणजीच्या वडिलांचं अक्षर किरटं, पण लागतं. लग्न झालेल्या बाईसाठी त्यात एक प्रश्न होता: मुलं किती झाली, हयात किती, गेली किती. पणजीच्या आईपुढे उत्तर: सात, चार, तीन. त्या तिघांची नावं कुठल्याच जनगणनेत नाहीत. दोन जनगणनांच्या मधेच जन्मून गेलेलं लेकरू तिथे येणार कसं?

पणजी बारा वर्षांची. कामाच्या रकान्यात, विणकराची मदतनीस, अर्धवेळ. अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा, तेही कायद्याला धरून! माझी नात आज अकराची आहे. जावयाने तो रकाना पुन्हा वाचला.

१९३१ला वाट खुंटते. त्या जनगणनेचे कागद १९४२च्या आगीत जळाले. त्याच १९३१च्या सप्टेंबरात गांधीजी डार्वेनला आले होते. मंदी, जपानी कापड आणि आपला बहिष्कार, यांनी गिरण्या बसल्या होत्या; तरी ग्रीनफिल्ड मिलच्या बायकांनी त्यांच्याभोवती गर्दी करून हसत फोटो काढून घेतला. पणजी त्यात आहे, असं आमचे व्याही सांगतात. तिचा दुसरा फोटोच घरात नाही, मग पडताळणार कशाशी? मला तरी ही दंतकथा वाटते, पण व्याह्यांशी कोण वाद घालणार!

महायुद्ध सुरू होताच सरकारने घरोघरच्या माणसांची नोंद केली, त्या १९३९च्या रजिस्टरमध्ये मात्र ती सापडली. जन्मतारीख, नवऱ्याचं नाव आणि व्यवसाय: 'बिनपगारी घरकाम'. हा शिक्का त्या रजिस्टरमध्ये बायकांच्या नावापुढे सरसकट दिसतो. व्याह्यांना फोनवर वाचून दाखवलं, तर ते उखडलेच.

"घरकाम? लग्नानंतरही चार माग सांभाळायची माझी आजी!"