वेणीचं माप

तालुक्याच्या मैदानी स्पर्धेत लांब उडीच्या खड्ड्यावर मी पंच असतो. लोकांना वाटतं, टेप धरायची नि आकडा सांगायचा. खरं काम सकाळी फावड्याने सुरू होतं. आमच्या सिंधुदुर्गात सरळ पुळणीवरची वाळू आणून ओततात. ती खारी ओल सोडत नाही, वर पापुद्रा धरते. यंदा भांडून नदीची वाळू मागवली. खणून, भिजवून, फळीने सपाट केली, तर बोट टेकवलं तरी ठसा उमटत होता.

मुलींची शंभर मीटर अंतिम फेरी आणि लांब उडी एकाच वेळी. दरवर्षी हेच! जी वेगाने धावते तीच लांब उडी मारते, हे वेळापत्रकवाल्यांना कोण सांगणार? अमेरिकेच्या जेसी ओवेन्सने १९३६ला बर्लिन ऑलिंपिकमध्ये, कार्ल लुईसने १९८४ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दोन्ही सुवर्णं घेतली. जिथून झेप घ्यायची त्या फळीवर पोचतानाचा वेग हेच उडीचं भांडवल.

ती पोरगी शंभर मीटर जिंकून धापा टाकतच आली. नियमाने त्या फेरीपुरता क्रम बदलून दिला. आधीच्या दोन्ही उड्या फाउल होत्या. ही मात्र सुरेख बसली. फक्त टेकताना ती जराशी मागे रेलली आणि एक वेणी टाचांच्या मागे वाळूला लागली. रिबिनीच्या गाठीसकट रेघ उठली. अंगाची किंवा अंगावरच्या वस्तूची जी खूण फळीला सर्वांत जवळ, तिथून माप. टाचेपासून ४.८२ मीटर झाले असते, वेणीपासून ४.६१ झाले. पहिली येणारी तिसरी आली.

“काय ओ सर, केस पण मोजतत?”

“मोजतत, बाय.”

तिचे सर अंगावर आले. टेपवाला सहकारी कुजबुजला, “सोडून द्या ना.” या सोडून देण्यापायीच आमची मुलं वर जाऊन आपटतात. १९९१च्या टोकियो जागतिक स्पर्धेत लुईसची ८.९१ मीटरची उडी माइक पॉवेलच्या ८.९५पुढे कमी पडली, लांब उडीतल्या सलग ६५ विजयांची मालिका चार सेंटिमीटरवर तुटली. इथे तर एकवीस होते.

निर्णय बरोबरच होता. तरी राग जात नाही. दोन वेण्या, लाल रिबिनी ही शाळेची सक्ती. उडीआधी त्या वर बांधून घे, एवढं सांगणं भांडायला आलेल्या सरांचं काम नव्हतं का?

जिल्ह्याला ती आता फक्त शंभर मीटरला जाणार. तिथे वेण्या कितीही उडू देत, शेवटच्या रेषेवर धडच बघतात.