प्ले स्टोअरनं नाव घेतलं, तरी आम्ही सोडलं

लातूरच्या आडत दुकानांसाठी, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दुकानांसाठी, आम्ही एक ॲप केलंय. माल काट्यावरून उतरला की वजन, सौद्यात निघालेला भाव, हमाली, तोलाई सगळं धरून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, तयार होते आणि शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर जाते. भागीदार म्हणजे आमचे दाजी. त्यांचं स्वतःचं आडत दुकान आहे, त्यामुळं मुनीमाला काय लागतं ते त्यांना ठाऊक; कोड माझ्याकडं.

नाव पहिल्यापासून ठरलेलं होतं. आडत बाजारातला एक शब्द आणि पुढं ‘बुक’. प्ले स्टोअरवर शोधलं तर तेच नाव, तेच काम, दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीचं ॲप आधीच चालू. (त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांनी काही वाकडं केलेलं नाही.)

दाजी म्हणाले, टाकून तर बघा. टाकलं, आणि प्ले स्टोअरनं मुकाट घेतलं.

“घ्यायलंय की! मग कशाला घाबरायलाव?”

घेणारच. गूगलला एकाच नावाची कितीही ॲप चालतात. वेगळं लागतं ते फक्त आतलं पॅकेज नेम, म्हणजे ॲपची तांत्रिक ओळख. ॲपलकडं मात्र नाव दुसऱ्यानं घेतलेलं असेल तर तिथंच अडवतात. आमचे मुनीम सगळे अँड्रॉइडवाले, म्हणून आम्हाला कुणी अडवलंच नाही. पण ट्रेडमार्कची तक्रार गेली तर गूगल ॲप काढून टाकू शकतं, आणि ती ऐन दिवाळीत, सोयाबीनची आवक जोरात असताना गेली तर? पट्ट्या अडकल्या की दुकानदार दाजींच्याच ओट्यावर येऊन बसणार.

मग ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोध सुरू केला. तो फुकट आहे. वर्ग निवडावा लागतो: डाउनलोड करायच्या सॉफ्टवेअरला 9, ऑनलाइन सेवा म्हणून दिलेल्या सॉफ्टवेअरला 42. दोन्हीकडं बघायचं. आपल्या शब्दांचं इंग्रजी स्पेलिंग ज्याचं त्याचं वेगळं, एक ‘टी’ की दोन, ‘आय’ की डबल ‘ई’. म्हणून नुसतं अक्षरी शोधून भागत नाही; उच्चारावरून शोधायची फोनेटिक सोय आहे, ती वापरायचीच. त्या कंपनीचा अर्ज वर्ग 9 मध्ये सापडला. पुढं स्थिती लिहिलेली: ‘ऑब्जेक्टेड’.

दाजी खूश. “म्हणजे रिजेक्टच की!”

वकिलांनी तो आनंद फार टिकू दिला नाही. ऑब्जेक्टेड म्हणजे परीक्षकानं शंका काढल्यात, अर्जदार उत्तर देईल, अर्ज जिवंत आहे. आणि समजा नोंदणी नाहीच झाली, तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याला ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्यानं माल खपवल्याचा, दावा लावता येतो. मी विचारलं, पुढं ‘माझं’ किंवा मागं ‘लातूर’ जोडलं तर? त्यावर त्यांनी ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांचा खटला सांगितला. सुप्रीम कोर्टाचा निकाल 1962 चा. दोन्ही नावांचा अर्थ वेगळा, सुरुवात वेगळी. तरी कोर्टानं ती फसवी सारखी ठरवली, कारण साधा गिऱ्हाईक नाव अर्धवटच लक्षात ठेवतो. ‘लातूर’ तर गावाचं नाव, त्यावर हक्क सांगता येत नाही. शिवाय मूळ शब्दच धंद्याचं वर्णन करणारा. असा शब्द ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 खाली अडकतो. त्या कंपनीचाही त्यातच अडकला असावा, हा माझा अंदाज.

मला पटवलं ते मात्र दुकानातल्या मुनीमानं. सौदा चालू, हमालांचा आरडाओरडा, अशात त्याला ‘लातूर’ जोडलेलं नाव तोंडी सांगितलं आणि ॲप काढायला लावलं. त्यानं माइक दाबून नाव घेतलं. ‘लातूर’ म्हणेपर्यंत पडद्यावर त्या कंपनीचं ॲप आलं होतं, आणि तो ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवून माझ्याकडं बघायला लागला.

त्या दिवसापासून नावं कागदावर न लिहिता फोनवरून ऐकवायला लागलो. ‘बळीराजा’ आणि त्याचे भाऊबंद लगेच बाद, तिथं आधीच जत्रा आहे. शेवटी बहिणीनं सुचवलं: येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. दाजी म्हणाले, तो तर आंबील पिऊन शेतात आडवं व्हायचा सण, हिशोबाचा काय संबंध? संबंध नाही हेच वकिलांना आवडलं. लातूर-धाराशिवकडं शब्द समजावून सांगावा लागत नाही, आणि दोन्ही वर्गांत त्याच्या जवळपासचंही काही निघालं नाही. अडचण एकच, रोमन लिपीत ‘ळ’ नाही. ‘वाय-ई-एल-व्ही-ए-एस’ ठेवलं.

प्ले स्टोअरवर शीर्षकाला 30 अक्षरांची मर्यादा, तेवढ्यात ‘येळवस – आडत पट्टी हिशोब’ बसवलं. कामाचे शब्द मागं ठेवले की शोधात ॲप सापडतं. पॅकेज नेममध्ये ॲपचं नाव मुद्दाम घातलं नाही, आमच्या फर्मचं घातलं. ते एकदा प्रसिद्ध केल्यावर बदलता येत नाही. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती किंवा लघुउद्योगाला दर वर्गाला 4,500 रुपये, दोन वर्गांचे 9,000. वकिलांची फी वेगळी.

सध्या नावापुढं ‘टीएम’ लावतो. गोलातला ‘आर’ नोंदणीआधी लावणं गुन्हा आहे. ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव छापून आलं की हरकतीसाठी चार महिने असतात, म्हणून नाव वापरात असल्याचा पुरावा म्हणून पहिलं बिल, पहिली जाहिरात, तारखेसकट सगळं एका फाइलीत लावून ठेवलंय. मुनीम लोक अजून ‘ते पट्टीचं ॲप’च म्हणतात. दाजीसुद्धा.