तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या वर्षांनी केस होते का?

आमच्या वस्तीत कुणाच्या तेरवीला गेले की जेवणं आटोपल्यावर कुणी तरी मला बाजूला घेतंच. "ताई, आमच्या बुढ्याले लय दम लागून राहिला जी. तो बी तुमच्या बाबासंगच लॅगिंगले होता. आता इतक्या वर्षांनी केस होते का?"

होते. कामावर अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या धुळीने फुप्फुस बिघडलं असेल तर नुकसानभरपाईची केस होते. पण हात धुता धुता दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, आणि अर्धवट उत्तर घेऊन गेलेली माणसं पुढे वकिलाच्या पायरीवरून परत येतात. म्हणून यावेळी नीट लिहायला बसले आहे.

ज्यांना लॅगिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बॉयलर, टर्बाईन आणि वाफेचे पाइप यांच्यावर उष्णता धरून ठेवणारं जे वेष्टन असतं, ते घालायचं काम म्हणजे लॅगिंग. आज तिथे रॉकवूल वापरतात. बाबा १९७६ साली ठेकेदाराकडे लागले तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉस होतं. नागपुरातून टोळी निघायची आणि विदर्भात जिथे शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी बॉयलर बंद, असेल तिथे, वीज केंद्रात नाही तर गिरणीच्या बॉयलर हाऊसमध्ये, महिना-दोन महिने मुक्काम करायची. पोत्यातली पांढरी भुकटी घमेल्यात ओतायची, पाणी घालायचं आणि कणीक मळावी तशी हाताने मळायची. तो लगदा पाइपावर थापायचा, वर जाळी आवळायची, वरून पुन्हा एक हात. हे काम निदान ओलं असायचं. जुनं लॅगिंग काढायचं ते मात्र कोरडं. छिन्नी-हातोडीने ठोकून पाडायचं, वाळलेले पोपडे खाली पडून फुटायचे, आणि बाबा सांगायचे की दुपारी बारा वाजता समोरच्या माणसाचा फक्त आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही. तोंडाला काय, तर आपला नागपुरी दुपट्टा. मे महिन्यात झळांसाठी बांधतो तोच.

संध्याकाळी ठेकेदाराचा मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळाने धूळ खाली बसते, छाती साफ होते, असं सगळे मानायचे. तेव्हा बाबांनीही मानलं. मला त्या गुळाचा आजही राग येतो. गूळ जातो पोटात. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथे रुततात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यांच्याभोवती फुप्फुस वर्षानुवर्षं घट्ट होत जातं. या आजाराला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. तो दिसायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, तर वीस ते पन्नास वर्षांनीही निघतो.

बाबांनी १९९८ साली काम सोडलं. दम २००७ मध्ये सुरू झाला. आधी जिना चढताना, मग सायकलवर, मग आंघोळ करताना. एक्स-रेत छातीवर डाग दिसला म्हणून एका दवाखान्याने टीबीची औषधं सुरू केली. थुंकीच्या तपासणीत काही नव्हतं, तरी सहा महिने गोळ्या खाल्ल्या. आपल्याकडे मजुराच्या छातीत डाग म्हणजे टीबी, हे ठरलेलंच. २०१० मध्ये दुसरीकडे नेलं, तिथे एका तरुण डॉक्टर मुलीने पाठीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिली, मग बाबांची बोटं हातात घेऊन नखं पाहिली. बोटं टोकाशी फुगली होती. तिने विचारलं, "काका, तुम्ही काम काय करायचे?" तीन वर्षांत हा प्रश्न कुणी केला नव्हता. मग सीटी स्कॅन झाला, आणि आजाराचं नाव कळलं.

आता केसचं. आमचं प्रकरण कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ याखाली चाललं. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळे होणाऱ्या रोगांच्या यादीत, अ‍ॅस्बेस्टॉसिस होता, अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमाही होता. म्हणजे हा रोग कामावरचा अपघातच समजला जायचा. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, तिच्यातही अशी अनुसूची आहे. ज्यांचा ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात होता त्यांची वाट वेगळी, त्यांना ईएसआयच्या मेडिकल बोर्डापुढे जावं लागतं आणि मग असा वेगळा दावा लावता येत नाही. हे पहिल्याच दिवशी तपासा, पुढचा फुकटचा फेरा वाचेल.

खरी अडचण मुदतीची. १९२३ च्या कायद्यात दावा दोन वर्षांत लावायचा होता. काम सुटल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती दिसली त्या दिवसापासून ही मुदत मोजायचे. बाबांना दम लागला काम सोडून नऊ वर्षांनी! ज्या रोगाला उगवायला वीस वर्षं लागतात त्याला कायद्याने दोन वर्षं दिली आहेत, ही गोष्ट मला अजून गिळता आलेली नाही. पण त्याच कलमात एक दार होतं. उशिराचं पुरेसं कारण पटलं तर हे दावे ऐकणारे आयुक्त उशीर माफ करू शकत. टीबीच्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटं आणि २०१० चा स्कॅन अशी तारखांची माळ आमच्या वकीलसाहेबांनी लावली, आणि उशीर माफ झाला. तो टीबीचा कागद मी रागाने फाडायला निघाले होते. आईने काढून घेतला म्हणून वाचला.

पुढचा प्रश्न त्याहून अवघड. बाबा तिथे कामाला होते, हे कशावरून? मूळ मालक, म्हणजे ज्यांच्या बॉयलरवर काम झालं ते, म्हणाले, हा माणूस आमच्या पटावर नाही. १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावरही यायची, पण त्यासाठी ठेकेदाराचा मजूर होता हे तर दाखवावं लागायचं. ठेकेदार वारला होता. मुलं म्हणाली, जुनं काही ठेवलं नाही. सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना बजावलं आहे की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर सांभाळायची. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, हेही त्याच निकालात आहे. वकीलसाहेबांनी तो निकाल वाचून दाखवला. पण जी नोंद कधी केलीच नाही, ती आणायची कुठून?

ती सापडली युनियनच्या कपाटात. लाल कापडी बांधणीचं वर्गणीचं रजिस्टर, पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. ठेकेदारी लॅगरांची युनियन म्हणजे दीडशे माणसं आणि महिन्याची दोन रुपये वर्गणी. पण आमच्या सेक्रेटरीकाकांनी नाव, महिना, पैसे यांच्यापुढे आणखी एक रकाना आखला होता: "कुठे लागला". शटडाऊनमधल्या ओव्हरटाइमसाठी भांडता यावं म्हणून. बाबांच्या नावापुढे त्या रकान्यात महिन्यामागून महिना ठेकेदाराचं नाव, ठिकाण, आणि निळ्या शाईत "जुने ल. काढणे". बावीस वर्षांतले चौदा वर्षांचे महिने त्या वहीत होते. साक्षीला दोन सोबती उभे राहणार होते. त्यांतले एक तारीख येण्याआधीच गेले, त्याच आजाराने. वही मात्र कोर्टात पोहोचली.

हे वाचताना काही जणांना वाटेल, ही वहीची गोष्ट नशिबाची. तसं नाही. अ‍ॅस्बेस्टॉस लॅगरांना मारतं हे जगाला पटलं तेही युनियनच्या यादीवरूनच. न्यूयॉर्कचे डॉक्टर आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी तिथल्या आणि न्यू जर्सीच्या इन्शुलेशन कामगार युनियनच्या पटावरची ६३२ नावं घेतली आणि त्यातल्या एकेकाचं १९६२ पर्यंत काय झालं ते शोधलं. फुप्फुस आणि त्याच्या आवरणाच्या कॅन्सरने सहा-सात मृत्यू अपेक्षित होते, झाले ४५. हे १९६४ साली छापून आलं. पुढे टेक्सासमधल्या क्लॅरेन्स बोरेल या लॅगरच्या खटल्यात १९७३ मध्ये अपील कोर्टाने ठरवलं की धोक्याची सूचना न देणारे उत्पादक जबाबदार आहेत. बोरेल तो निकाल ऐकायला नव्हते, १९७० मध्येच गेले. म्हणजे बाबांनी पहिल्यांदा घमेल्यात हात घातला तेव्हा हे सगळं छापून, सिद्ध होऊन बसलेलं होतं. फक्त नागपूरच्या टोळीला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या केसच्या उलटतपासणीत मूळ मालकांच्या वकिलाने बाबांना एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली: बिडी ओढता का? ओढायचे, आणि बाबांनी हो म्हटलं. यावर तुम्हीही घाबरू नका, खोटं तर मुळीच बोलू नका. बिडीने अ‍ॅस्बेस्टॉसिस होत नाही. बिडी आणि अ‍ॅस्बेस्टॉस दोन्ही असतील तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पट वाढतो, हे खरं. म्हणून जे आज ओढतात त्यांनी आजच सोडा.

पैशांचं विचारता, तेही सांगते. १९२३ च्या कायद्यात पूर्ण कायमचं अपंगत्व असेल तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक, असा हिशेब होता. पगार कितीही असो, २०२० पासून १५ हजारांपर्यंतच धरायचे. साठ वर्षांच्या माणसाचा गुणांक ११७.४१ होता, म्हणजे जास्तीत जास्त १० लाख ५६ हजार ६९० रुपये. अपंगत्व अर्धवट ठरलं तर त्या प्रमाणात कमी. आणि दावा आपण राहतो तिथेही लावता येतो. काम चंद्रपूरला केलं असलं तरी नागपुरात लागतो, तारखांसाठी हेलपाटे घालावे लागत नाहीत.

आम्हाला एवढे मिळाले नाहीत. बाबा २०१४ मध्ये गेले, ऑक्सिजनची नळी लावून, बसल्या-बसल्या. आडवं झालं की श्वास अडायचा म्हणून शेवटचे चार महिने ते पाठ टेकून झोपलेच नाहीत. दोन वर्षांनी तडजोड झाली, १ लाख ६० हजार आणि व्याज. आई म्हणाली, घेऊन टाक. मी घेतले. ते बरोबर केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हा तुम्ही केस करा असं मी म्हणेन, पण वकिलाकडे जायच्या आधी घरातली ट्रंक उपसा. गेटपास, पीएफची चिठ्ठी, बँकेचं जुनं पासबुक, टोळीचा एखादा फोटो, काहीही. बुढा बोलू शकतो तोवर त्याच्याजवळ बसून विचारा: कुठलं ठिकाण, कुठलं साल, कुठला ठेकेदार, बाजूला कोण होतं. लिहून काढा, त्याची सही घ्या. आणि डॉक्टरने विचारलं नाही तरी काम काय होतं ते तुम्हीच सांगा, केसपेपरवर लिहायला लावा.

सेक्रेटरीकाका थकले. ते रजिस्टर आता माझ्याकडे आहे. वीज केंद्रांची जुनी युनिटं भंगारात निघत आहेत, तिथे लॅगिंग तोडायला जाणारी पोरं रविवारी येऊन "कुठे लागला" सांगून जातात. मी रकाना भरते.

गेल्या पावसाळ्यात आईचा खोकला थांबेना म्हणून स्कॅन केला. फुप्फुसाच्या आवरणावर चट्टे आहेत, अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात तसेच. ती बॉयलर हाऊसच्या दारातही कधी गेली नाही. बाबा आले की त्यांचा सदरा अंगणात झटकायची, आणि धुवायची. कामगारासाठी कायद्यात जी अनुसूची आहे ती तिला लागू होत नाही, वकीलसाहेबांना विचारून झालं आहे. पुढचा स्कॅन दिवाळीनंतर आहे. रजिस्टरमध्ये बाबांच्या नावाखाली मी तिचं नाव घातलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: घरी, कपडे धुणे, १९७६ ते १९९८.