शाळेच्या गेटसमोरचे पन्नास मीटर

शाळेसमोरच्या रस्त्याचा विषय निघाला की पालक सगळ्यात आधी गतिरोधक मागतात. तो मागावाच, पण दुसऱ्या नंबरवर. पहिला धोका गेटच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या गाड्यांचा असतो, आणि शाळा सुटताना त्यातल्या बहुतेक आपल्याच, पालकांच्या असतात.

कारण साधं आहे, उंचीचं. पहिलीतलं मूल साधारण 115 सेंटीमीटर उंच असतं. हल्लीच्या उंच बांध्याच्या गाड्यांचं बॉनेटच जवळपास तेवढं असतं. अशा दोन गाड्यांच्या फटीतून मूल बाहेर आलं, की चालकाला ते दिसतं तेव्हा ते रस्त्यात पोचलेलं असतं. आता वेगाचा हिशेब करू. ताशी 30 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला 8 मीटरहून थोडी जास्त जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरा, मग कोरड्या डांबरावर थांबायला आणखी 5 मीटर. एकूण 13. तेच मूल 13 मीटरवर दिसलं आणि गाडी ताशी 50 ने येत असेल, तर त्या पहिल्या सेकंदातच ती 14 मीटर पुढे जाते. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच, पूर्ण वेगात, ती मुलापर्यंत पोचलेली असते.

म्हणून गेटच्या डावी-उजवीकडे 25-25 मीटर जागा शाळा भरताना आणि सुटताना पूर्ण रिकामी हवी. शाळेच्या प्रवेशद्वारापाशी वाहन उभं करायला वाहतुकीच्या नियमांत मनाई आहेच. पाटी, रस्त्यावरची ठळक रेघ आणि तिथे उभा राहणारा माणूस, एवढंच लागतं. गाड्यांना पर्यायी जागा मात्र आधी शोधावी, नाहीतर नियम आठवडाभर टिकतो आणि मग 'दोनच मिनिटं' म्हणत सगळे परत येतात. दीडदोनशे मीटरवरचं मैदान, देवळाचं आवार, मंगल कार्यालयाचं पार्किंग, असं काहीतरी बहुतेक ठिकाणी सापडतं. मंगल कार्यालय असेल तर लग्नाच्या तारखा आधीच विचारून ठेवा, त्या दिवशी तिथे जागा नसणार. लहानग्यांना तिथून हात धरून चालत न्यायचं, मोठी मुलं आपली जातील.

दोन सत्रांच्या शाळांत दुपारी बाराच्या सुमाराला सकाळची मुलं सुटतात आणि दुपारची येतात. एकाच गेटातून हे झालं की रस्ता तुंबतो. मध्ये वीस मिनिटांचं अंतर ठेवावं, नाहीतर आत-बाहेर वेगळी गेटं करावीत. पहिली-दुसरीला दहा मिनिटं आधी सोडलं तरी पुष्कळ फरक पडतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 नंतर भरवण्याचा निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये घेतला. मुलांच्या झोपेसाठी तो चांगलाच आहे. पण शाळेची आणि ऑफिसची गर्दी आता एकाच रस्त्यावर येते, आणि गेटसमोरची व्यवस्था बऱ्याच ठिकाणी जुन्याच वेळेची राहिली आहे.

आता गतिरोधक. त्याला इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ठरलेलं माप आहे: रुंदी 3.7 मीटर, मधली उंची 10 सेंटीमीटर, गोलसर पाठ. त्यावरून गाडी साधारण ताशी 25 ने नीट जाते. प्रत्यक्षात रातोरात डांबराचा अरुंद, उभट ढिगारा टाकला जातो. त्यावर दुचाकी उडते, आणि तो टाळायला दुचाकीवाले कडेने काढतात, म्हणजे नेमके जिथून मुलं चालतात तिथून. रंग नसेल तर रात्री आणि पावसात तो दिसतच नाही. 40 मीटर आधी सूचनेची पाटी हवी, आणि ती झाडाच्या फांदीमागे गेलेली नाही ना, तेही बघायला हवं.

झेब्रा पट्टे गेटच्या अगदी समोर नकोत. सुटल्या सुटल्या मुलं पळत सुटतात ती थेट रस्त्यावर येतात. गेटसमोर फुटपाथच्या कडेला रेलिंग असावं आणि पट्टे दहा-पंधरा मीटर बाजूला. साधा रंग लवकर पुसतो. गरम करून टाकतात तो थर्मोप्लास्टिक रंग टिकतो. मात्र तो कोरड्या रस्त्यावरच बसतो. म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मागणी केली तर काम दिवाळीच्या आसपास होणार. अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या, पट्टे मे महिन्यात मारून घ्या.

अर्जाआधी रस्ता कोणाचा ते पाहा. महापालिकेचा असेल तर वॉर्ड ऑफिस. राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो. वाहतूक शाखेलाही प्रत द्यावी, कारण पार्किंगबंदीची अंमलबजावणी त्यांच्याकडे असते. अर्ज शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीने. सोबत सुटण्याच्या वेळेच्या पंधरा मिनिटांची मोजणी जोडा: किती मुलांनी रस्ता ओलांडला, किती वाहनं गेली, गेटच्या पन्नास मीटरमध्ये किती गाड्या उभ्या होत्या. तीन वेगवेगळ्या दिवसांचे आकडे आणि वेळ दिसणारे फोटो असले की 'पाहणी करून कळवू' हे उत्तर देणं अवघड जातं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बस आणि व्हॅनसाठी महाराष्ट्रात 2011 पासून स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांत शाळेच्या परिवहन समितीची तरतूद आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष; पालक, पोलीस आणि आरटीओ यांचे प्रतिनिधी सदस्य. समिती बऱ्याचदा कागदावरच असते, म्हणून पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तिच्या मागच्या सभेचं इतिवृत्त मागावं. बसबाबत माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: मुलं चढत-उतरत असताना बस मागे घ्यायची नाही. मागे घेताना बसच्या पाठीशी उभं असलेलं लहान मूल चालकाला आरशात दिसत नाही. वळायला जागा नसेल तर थांबाच बदला.

दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा सक्तीचा आहे, वेग ताशी 40 च्या आत. हा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू झाला. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट आहेच. तरी स्कूटरच्या पुढच्या जागेत उभं केलेलं मूल रोज दिसतं. अचानक ब्रेक लागला की हँडल थेट त्याच्या तोंडावर किंवा छातीवर आदळतं. आणि दहावीतल्या मुलाच्या हाती स्कूटर देणाऱ्या घरांना माहीत असावं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 199क खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजारांचा दंड होऊ शकतो.

जूनची खरेदी करताना रेनकोटही तपासा. मुलाला दप्तरासकट घालायला लावा आणि मान डावी-उजवीकडे वळवायला सांगा. टोपी मानेबरोबर फिरली नाही तर त्याला डोळ्यांसमोर टोपीची कडाच दिसते, येणारी गाडी नाही. असा रेनकोट परत करा, किंवा टोपी कापून काढून वेगळी छोटी पावसाळी टोपी द्या. रंग पिवळा नाहीतर भगवा घ्या. पावसातल्या करड्या उजेडात निळा आणि काळा रस्त्यातच मिसळून जातात.