तुम्ही विचारलंत म्हणून : घड्याळावर नाव आहे, पण घड्याळ केलं कुणी?

‘पणजोबांचं किल्लीचं खिशातलं घड्याळ कपाटात सापडलं. चांदीची केस (बाहेरचं कवच) आहे, आत इंग्रजी नाव कोरलंय, खाली लंडन. हा घड्याळजी कोण होता, कसं शोधायचं?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. शोध बऱ्याचदा लागतो, तोही घरबसल्या, कारण इंग्लंडच्या जुन्या नोंदी आता मोठ्या प्रमाणावर इंटरनेटवर आहेत. फक्त नाव घेऊन थेट नोंदींत शिरू नका. एकाच नावाची माणसं तिथे ढिगाने सापडतात. आधी घड्याळाकडून साल आणि गाव काढून घ्या.

काचेची कडी उघडली की तबकडीच्या काठाला, सहाच्या आकड्यापाशी, बारीक खटका दिसतो. तो नखाने दाबला की सगळं यंत्र बाराच्या बाजूच्या बिजागरीवर वर उचलतं. पुष्कळ घड्याळांत त्यावर पितळी टोपण असतं. त्याची निळ्या पोलादाची चंद्रकोरीसारखी पट्टी सरकवली की ते सुटतं. खालच्या सोनेरी चकतीवर नाव, गाव आणि क्रमांक असतो. ब्रासो, चिंच, टूथपेस्ट काहीही लावू नका. मुलामा पातळ असतो, घासला की गेलाच, आणि कोरीव अक्षरंही बोथट होतात. एका बाजूने तिरपा उजेड पाडून फोटो काढा.

मग केसच्या आतले शिक्के पाहा. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, तलवारीभोवती तीन गव्हाच्या पेंढ्या म्हणजे चेस्टर. ही खूण चांदी कुठे तपासली ते सांगते, घड्याळ कुठे झालं ते नाही. लिव्हरपूलच्या केस चेस्टरला तपासायला जात. सालासाठी एक अक्षर असतं. लंडनमध्ये ते मे महिन्याच्या अखेरीस बदलायचं, म्हणून एक अक्षर दोन वर्षांत पसरतं. वीस वर्षांनी तीच अक्षरं पुन्हा येतात, तेव्हा अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार सालवार अक्षरांच्या तक्त्याशी काटेकोर जुळवा. लंडनच्या बिबट्याला १८२२ पासून मुकुट नाही, एवढ्यानेही एक मोठी शंका मिटते. केस आणि यंत्र यांवरचा क्रमांक एकच नसेल, तर केस नंतर बदललेली असू शकते. मग मिळालेलं साल फक्त केसचं धरा.

इथे बहुतेकांची गल्लत होते. शिक्क्यांतली दोन-तीन आद्याक्षरं केसवाल्याची असतात, घड्याळजीची नाहीत. आणि चकतीवरचं नावही पुष्कळदा विकणाऱ्याचं असतं. लँकशायरमधल्या प्रेस्कॉटच्या आसपास कच्ची यंत्रं तयार होत, आणि ती लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये, कॉव्हेंट्रीत किंवा लिव्हरपूलमध्ये पुरी केली जात. तबकडी, साखळी, काटे, प्रत्येकाचा कारागीर वेगळा. ‘विल्टर, लंडन’ किंवा ‘टार्ट्स, लंडन’ असं नाव दिसलं तर आणखी सावध व्हा. अठराव्या शतकात युरोपात बनवून लंडनच्या नावावर खपवलेल्या घड्याळांवर ही नावं येतात. अशा घड्याळात बॅलन्स चक्रावरची (घड्याळाची लय सांभाळणाऱ्या, मागेपुढे फिरणाऱ्या चाकावरची) नक्षीदार पट्टी बहुधा दोन्ही टोकांना स्क्रूने बसवलेली असते. इंग्रजी घड्याळात तिला एकच पाय असतो.

आता नोंदी. समजा, शिक्क्यावरून साल १८४६ निघालं. मग १८४१ आणि १८५१ च्या जनगणना उघडा. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं साधारण पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत: ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. त्या वयावरून जन्मसाल काढून शोधलंत तर भलताच माणूस हाती लागेल. १८५१ ची नोंद मला सगळ्यांत मोलाची वाटते. तिच्यात जन्माचं गाव मिळतं, नेमका धंदा मिळतो, आणि मालकाने हाताखाली किती माणसं आहेत ते सांगायचं होतं. ‘एस्केपमेंट मेकर’ लिहिलेला माणूस एकच भाग करणारा. ‘वॉच मॅन्युफॅक्चरर, सहा माणसं’ असेल, तर त्याच्या नावाची घड्याळं त्याच्या देखरेखीखाली झाली असण्याचा संभव बराच. मूळ पानाचं चित्र उघडून वाचा, टंकलेल्या यादीवर विसंबू नका.

जन्मगाव मिळालं की चर्चच्या वह्यांकडे वळा. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील रकान्यात बापाचा धंदा असतो. १ जुलै १८३७ पासूनच्या विवाहनोंदीत वर-वधू दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा मिळतो, म्हणजे एका कागदात दोन पिढ्या. हा धंदा घराण्यात चालायचा, म्हणून भाऊ, सासरे, जावई सगळे टिपून ठेवा.

त्याहून जुना कारागीर असेल तर उमेदवारीच्या (म्हणजे उस्तादाकडे राहून धंदा शिकण्याच्या) कराच्या वह्या पाहा. १७१० ते १८११ या काळात, उमेदवार ठेवताना उस्तादाला मिळणाऱ्या रकमेवर कर होता, आणि त्या वह्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पण बापाकडे फुकट शिकलेला मुलगा त्यांत सापडत नाही, आणि नाव नाही म्हणजे तो घड्याळजीच नव्हता असा अर्थ लोक काढतात. १७५२ पूर्वी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७३० म्हणजे आपल्या हिशेबाने १७३१. हे ध्यानात नसलं की मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं. मृत्युपत्रंही सोडू नका: हत्यारं कुणाला दिली ते कधीकधी त्यांत लिहिलेलं असतं. आणि विधवेने नवऱ्याच्या नावावरच दुकान चालवल्याने दफनाच्या तारखेनंतरचं घड्याळही अस्सल असू शकतं.

नाव, धंदा आणि गाव ही तिन्ही निदान दोन स्वतंत्र नोंदींत जुळली, तरच माणूस सापडला म्हणा. इंटरनेटवरच्या वंशावळी एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. त्या पुरावा नाहीत.

घड्याळावर ‘बॉम्बे’ असेल तर वाट वेगळी. सोबत ‘वेस्ट एंड’ असेल, तर ते कंपनीचं नाव, आतलं यंत्र स्विस. तिथे कुटुंबाच्या नोंदी उपयोगी नाहीत. पण एखाद्या युरोपीय माणसाचं नाव असेल, तर मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि ‘फिबिस’ या, ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानात राहिलेल्या घराण्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या याद्यांत फुकट शोधता येतं. तिथे नाव मिळालं की त्या सालच्या मुंबईच्या व्यापारी डिरेक्टरीत दुकानाचा पत्ता पाहा.